वाचकांचे प्रश्न : मुलांना पत्र आणि ईमेल लिहायला शिकवताना

शालेय विद्यार्थ्यांच्या पत्रलेखनाविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून शिक्षक, पालक, एक आजोबा आणि एका विद्यार्थिनीने लिहिले. आशय सारखा असलेले प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी आठवी-नववीला मराठी शिकवते. परीक्षेत पत्रलेखनाला माझ्या विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळतात. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू हे सारे जागच्या जागी असते. मात्र प्रकल्प ईमेलने पाठवायला सांगितले, तेव्हा बहुतेकांनी विषयाची ओळ कोरी ठेवली, मजकूर लिहिलाच नाही, आणि काही ईमेल कोणाचे आहेत हेसुद्धा कळले नाही. परीक्षेत जे येते ते प्रत्यक्षात का येत नाही? — एक शिक्षिका, डिचोली

परीक्षेतील पत्राला परीक्षक असतो, वाचक नसतो, हे याचे मुख्य कारण आहे. परीक्षकाला पत्र उघडण्यापूर्वीच सारे ठाऊक असते. पत्र कोणाला लिहिले आहे, कशासाठी लिहिले आहे आणि मागणी कोणती आहे, हे प्रश्नपत्रिकेतच छापलेले असते. त्यामुळे विद्यार्थ्याने एखादी महत्त्वाची बाब गाळली तरी परीक्षकाचे काही अडत नाही, तो ती मनातल्या मनात भरून घेतो आणि मांडणीचे गुण देऊन पुढच्या उत्तराकडे वळतो. त्यातच उत्तरपत्रिकेत स्वतःचे नाव लिहायला मनाई असते. ‘अ. ब. क.’ किंवा प्रश्नात दिलेले एखादे काल्पनिक नाव घालून वर्षानुवर्षे पत्रे लिहिलेल्या मुलाला, आपण कोण आहोत हे पत्रात सांगायचे असते, याची सवय कशी लागणार? आपल्याला आलेले निनावी ईमेल हे त्याच सरावाचे फळ आहे.

यात आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. बहुतेक मुले वडिलांच्या किंवा काकांच्या फोनवरून ईमेल पाठवतात आणि शिक्षकाला पाठवणारा म्हणून त्या वडीलधाऱ्यांचे नाव दिसते. म्हणून ईमेलच्या शेवटी पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहिण्याचा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा. शाळेने विद्यार्थ्यांना स्वतंत्र खाती दिली असतील तरीही तो सोडू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पत्र लिहायला बसण्यापूर्वी विद्यार्थ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : हे पत्र कोण वाचणार, आणि वाचून झाल्यावर त्याने नेमके काय करायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर लेखणी हातात घेण्याची वेळ अजून आलेली नाही. पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला वर्गाची भेट ठरवायची आहे, असे समजा. नेहमीच्या सरावातून तयार होणारे पत्र साधारणतः असे असते :

‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, वाचन हा मानवी जीवनाचा अविभाज्य भाग आहे. ग्रंथ हेच गुरू असे म्हटले जाते. आपले ग्रंथालय फार जुने व प्रसिद्ध आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ते पाहण्याची खूप इच्छा आहे. तरी कृपया परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.’

भाषा शुद्ध आहे, विनयही आहे. पण ग्रंथालयातील अधिकाऱ्याने या पत्राचे करायचे काय? विद्यार्थी किती येणार, कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, बरोबर शिक्षक असणार की नाही, उत्तर कोठे पाठवायचे, यांपैकी काहीच त्याला समजत नाही. ही विचारपूस करण्यासाठी त्याला उलट पत्र लिहावे लागेल, आणि कामाच्या गर्दीत ते बहुधा राहून जाईल. ग्रंथालय जुने आहे हे त्याला आपण सांगण्याची गरज नाही. १८३२ साली स्थापन झालेल्या संस्थेत काम करणाऱ्या माणसाला ते माहीत असते. हेच पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘विषय : इयत्ता आठवीच्या ३८ विद्यार्थ्यांना ११ डिसेंबर रोजी ग्रंथालय पाहण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या विद्यालयातील इयत्ता आठवीचे ३८ विद्यार्थी दोन शिक्षकांसह शुक्रवार, ११ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी साडेदहा ते साडेबारा या वेळेत आपले ग्रंथालय पाहू इच्छितात. गोव्याच्या इतिहासावरील प्रकल्पासाठी त्या विषयाची पुस्तके कशी शोधावीत, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. त्यासाठी अर्धा तास मार्गदर्शन करणारे कोणी उपलब्ध होऊ शकेल का?

बालरथ बसची व्यवस्था आधी करावी लागत असल्यामुळे आपले उत्तर ३० नोव्हेंबरपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. हा दिवस गैरसोयीचा असल्यास त्याच आठवड्यातील दुसरा दिवसही आम्हाला चालेल. उत्तर मुख्याध्यापकांच्या नावे वरील पत्त्यावर अथवा विद्यालयाच्या ईमेलवर पाठवावे, ही विनंती.’

दुसरे पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे, हे मुलांच्या मुद्दाम लक्षात आणून द्यावे. सुबोध पत्र म्हणजे तोकडे पत्र, असा गैरसमज हल्ली फार पसरला आहे. पहिल्या पत्रातील एकही वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचे नव्हते, तर दुसऱ्यातील प्रत्येक वाक्यामुळे त्याचा एखादा प्रश्न सुटतो. विषयाची ओळही पाहावी. ‘ग्रंथालय भेटीबाबत’ एवढेच लिहिले तर चौकशी आहे, तक्रार आहे की आभार आहेत, हे पत्र उघडल्याशिवाय कळत नाही. ईमेलच्या यादीत तर अनेकदा ही एकच ओळ वाचून, पत्र आता उघडायचे की संध्याकाळी, हे ठरते. तिचे पहिले चार-पाच शब्द सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण फोनच्या पडद्यावर बहुतेक वेळा तेवढेच दिसतात.

वर्गात करण्याजोगा एक सराव सुचवतो. अर्ध्या वर्गाने पत्रे लिहावीत आणि उरलेल्या अर्ध्या वर्गाने ती ज्यांना लिहिली आहेत त्यांची भूमिका घ्यावी. कोणी ग्रंथपाल व्हावे, कोणी सरपंच, कोणी बस आगाराचा व्यवस्थापक. पत्र एकदाच वाचून खाली ठेवायचे आणि मला काय करायचे आहे, केव्हापर्यंत आणि कोणाला कळवायचे आहे, हे कागदावर लिहून काढायचे. जे लिहिता येणार नाही ते पत्रात नाही, असे समजून पत्र लिहिणाऱ्याकडे परत करावे. यात शिक्षकाला लाल शाईची फारशी गरज पडत नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राला आपले पत्र समजले नाही, हे शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा मुलांना अधिक लागते, असा माझा अनुभव आहे. जमल्यास शाळेच्या कार्यालयातील कारकुनांना एका तासिकेसाठी वर्गात बोलवावे. रजेचे अर्ज, दाखल्याच्या मागण्या आणि शिक्षण खात्याची परिपत्रके रोज वाचणारा, कोणते पत्र लगेच मार्गी लागते आणि कोणते फाइलीत पडून राहते हे जाणणारा त्यांच्यासारखा जाणकार शाळेत दुसरा नसतो. आणि त्यांना वर्गात कोणी कधी बोलावलेले नसते.

वर्गातील सरावाचे गुण आपल्या हातात असतात. ते देताना मांडणीसाठी थोडे आणि पत्राचे काम होण्यासाठी जास्त ठेवावेत. मांडणी शिकवायला दोन तास पुरतात. त्यावर संपूर्ण सत्र घालवणे मला उधळपट्टी वाटते.

प्रश्न : माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात आहे. घरी आम्ही कोंकणी बोलतो. मराठीत ईमेल लिहिताना ती ‘प्रिय सर, आशा आहे की आपण बरे असाल’ अशी सुरुवात करते, तर तिचे आजोबा ‘शि. सा. न. वि. वि.’ (शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष) लिहायला सांगतात. बरोबर काय? आणि सरकारी कार्यालयाला मराठीत लिहिलेले चालते का? — एक पालक, म्हापसा

आजोबांचा मायना आजोबांनाच लिहिलेल्या पत्रात शोभून दिसेल, आणि तो मुलीला अवश्य शिकवावा. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ या पद्धतीत नात्याची जाण आहे आणि ती घरच्या पत्रात टिकावी असे मलाही वाटते. मुख्याध्यापकांना किंवा कार्यालयाला लिहिताना मात्र ‘महोदय’ अथवा ‘महोदया’ पुरे. ओळखीच्या शिक्षकांसाठी ‘आदरणीय सर, नमस्कार’ असे लिहावे आणि दुसऱ्या ओळीत थेट कामाचे बोलावे. ‘आशा आहे की आपण बरे असाल’ हे वाक्य इंग्रजी पत्राच्या सवयीतून आले आहे. मराठी वाचकाला ते उपरे वाटते, आणि प्रकल्पाच्या मुदतीविषयीच्या ईमेलमध्ये त्याचे कामही नसते.

मराठीत आदराचा बराचसा भार सर्वनामावर आणि क्रियापदावर असतो. कोंकणी बोलणाऱ्या अनेक घरांत आईवडिलांनाही जिव्हाळ्याने ‘तूं’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्यामुळे ‘आपण’ आणि त्याच्याबरोबर येणारी ‘कळवावे’, ‘पाहावे’, ‘द्यावी’ ही रूपे या मुलांना कानाने आपोआप मिळत नाहीत, ती लिहूनच घटवून घ्यावी लागतात. एकाच ईमेलमध्ये वर ‘आपण’ आणि खाली ‘तुम्ही पाठवा’ अशी सरमिसळ झालेली असेल, तर पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचायला सांगावे. चूक बहुधा तिचीच तिला सापडते.

भाषेविषयी निश्चिंत असावे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही त्यात तरतूद आहे. तेव्हा पंचायतीला किंवा खात्याला मराठीत अर्ज करण्यात गैर काही नाही. मुलीला मजकूर आधी इंग्रजीत सुचत असेल, तर त्याचे मुद्दे काढून घ्यावेत आणि वाक्ये मात्र मराठीतच नव्याने बांधावीत. इंग्रजी वाक्य समोर ठेवून शब्दाला शब्द लावला, की ‘मी हे पत्र आपल्याला माहिती देण्यासाठी लिहीत आहे’ यासारखी वाक्ये तयार होतात. ‘कळवण्यात येते की’ किंवा नुसती माहिती, एवढ्याने काम होते.

प्रश्न : आमच्या शाळेत संगणक मोजकेच आहेत. मुलांनी मराठीत टंकून पाठवलेले पत्र समोरच्या संगणकावर भलत्याच चिन्हांत दिसते, अशीही तक्रार आली. काय करावे? — एक शिक्षक, काणकोण

भलती चिन्हे दिसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जुने टंक (फॉन्ट). त्यांत देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तोच टंक समोरच्या संगणकावर नसेल तर मजकुराची चिन्हे होतात. मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरपद्धतीत टंकावे. आजचे संगणक आणि फोन यांत ती सोय मुळातच असते. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला थोडा वेळ लागतो, पण तो भारतीय लिप्यांसाठी प्रमाणित आहे आणि एका भारतीय लिपीत हात बसला की दुसऱ्या लिपीतही उपयोगी पडतो. फोनवर बोलून टंकण्याची सोयही वापरू द्यावी. मात्र बोललेल्या मजकुरात विरामचिन्हे बहुधा येत नाहीत आणि विशेषनामे हमखास बिघडतात, म्हणून गावांची आणि माणसांची नावे डोळ्यांखालून घालण्याचा आग्रह धरावा.

जोडलेल्या फाइलचे नाव हाही पत्राचाच भाग आहे. पन्नास विद्यार्थ्यांनी ‘प्रकल्प’ याच नावाची फाइल पाठवली, तर शिक्षकाच्या संगणकावर काय होईल हे मुलांना करून दाखवावे. नावात इयत्ता, हजेरी क्रमांक आणि विषय असावा. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. वहीच्या पानांची मोठमोठी छायाचित्रे जोडण्यापेक्षा ती एका पीडीएफमध्ये सरळ क्रमाने लावलेली बरी. संगणक कमी असण्याची काळजी मात्र फारशी करू नये. विषय, मजकूर, जोडपत्र आणि नाव असे चार चौकोन वहीत आखून ईमेल लिहिण्याचा सराव उत्तम होतो, आणि टंकण्याची पाळी येईपर्यंत विचार पक्का झालेला असतो.

प्रश्न : विद्यार्थी आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून पत्र लिहून घेतात आणि जसेच्या तसे आणून देतात. ते सफाईदार असते, म्हणून गुण कापताही येत नाहीत. — एक शिक्षिका, फोंडा

गुण कापता येतात, आणि कापावेत. त्या साधनाला आपला वाडा (गावातली वस्ती), आपली बस, नळाला पाणी कोणत्या दिवशी आले नाही, यातले काहीच माहीत नसते. विद्यार्थ्याने ते सांगितले नाही, तर ते साधन मोकळी जागा सौजन्याने भरून काढते. अशा पत्रात कशी दुरुस्ती करायची, याचा एक सोपा नियम वर्गाला द्यावा : शाळेचे आणि गावाचे नाव बदलल्यावरही जे वाक्य तसेच चालते, ते खोडावे. पुष्कळदा पानभर पत्रातून दोन ओळी उरतात. त्यानंतर मूळ हकीकत विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पाच ओळींत लिहायला लावावी आणि मगच साधनाला शुद्धलेखन तपासू द्यावे. आधी हकीकत, नंतर सफाई, हा क्रम मी स्वतः मोडू देणार नाही. घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक यांसारखी माहिती अशा साधनांत घालायची नाही, हेही त्याच तासाला सांगून टाकावे.

प्रश्न : माझ्या नातवाला पोस्टाने पत्र कसे पाठवतात हेच ठाऊक नाही. हे शिकवणे आता निरर्थक आहे का? — एक आजोबा, पेडणे

मुळीच नाही, आणि त्याला खर्चही फारसा नाही. पोस्टकार्ड ५० पैशांना आणि अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळते. भारतीय टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा असते, तिच्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा वेगळा गट असतो. आणि जागतिक टपाल संघाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी १९७१ पासून चालत आलेली आहे. नातवाला पत्ता लिहायला शिकवणे हे आपले काम समजावे. ‘देऊळवाडा’ गोव्यातील अनेक गावांत आहे, म्हणून घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि ४०३ ने सुरू होणारा सहा अंकी पिन या साऱ्यांना महत्त्व आहे. जुन्या पुस्तकांत ‘रजिस्टर टपालाने पाठवावे’ असे आढळेल. ती सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, एवढा बदल त्याला सांगावा.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या वाड्यावरील वाचनालय संध्याकाळीही उघडे ठेवावे, असा ईमेल मी पंचायतीला पाठवला. दोन आठवडे झाले, तरी उत्तर नाही. पुन्हा लिहिले तर उद्धटपणा होईल का? — एक विद्यार्थिनी, केपे

होणार नाही. स्मरणपत्र ही कार्यालयीन व्यवहारातील नेहमीची गोष्ट आहे. त्यात रागाचा सूर नको, आणि ‘माझ्याकडे दुर्लक्ष केले’ असा आरोपही नको. कदाचित तो ईमेल कोणी उघडलाच नसेल. पहिल्याच ईमेलला उत्तर देऊन लिहावे, म्हणजे जुना मजकूर खाली राहतो. सुरुवातीला ‘दि. … रोजी केलेल्या विनंतीच्या संदर्भात’ असे लिहून मागणी एका वाक्यात पुन्हा सांगावी. पहिल्या पत्रात कोणत्या वेळेत वाचनालय उघडे हवे आणि त्याचा उपयोग किती विद्यार्थी करतील, हे लिहिले नसेल तर आता लिहावे. तुझ्याबरोबर आणखी मुले असतील, तर त्यांची नावे आणि इयत्ता मजकुराखाली द्यावीत. ज्यांना प्रत पाठवायची त्यांचा विचार करून ठेवावा. वाचनालय सांभाळणाऱ्या व्यक्तीला उघड प्रत पाठवणे योग्य आहे, कोणाला लपवून प्रत पाठवण्याचे येथे कारण नाही.

त्यानंतरही उत्तर आले नाही, तर तेच पत्र कागदावर उतरवून, आईवडिलांपैकी कोणाला तरी बरोबर घेऊन पंचायत कार्यालयात जावे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक तेथे द्यावी आणि दुसरीवर आवक नोंदीचा (इनवर्डचा) शिक्का, तारीख आणि क्रमांक घालून मागावा. त्याला पोच म्हणतात आणि ती मागणे हा कोणाचाही अपमान नाही. पुढे ग्रामसभेत हा विषय मांडायची वेळ आली, तर घरातील मोठ्या माणसांना तोच क्रमांक वाचून दाखवता येईल, आणि तू पुढचे पत्र लिहिशील तेव्हा ‘संदर्भ’ या शब्दासमोर तो क्रमांक आणि ती तारीख लिहावी.